रस्ता सांगण्याचे चार आणे

कोणी रस्ता सांगितला म्हणून तुम्ही आजवर कधी त्याच्या हातावर चार आणे ठेवलेत का? खरं सांगा. नाही ना? गाडीतून मान बाहेर काढायची, "ए, लोणार कुठं?" म्हणायचं. तो बिचारा हातातलं काम टाकून उठतो, बोट लांब करून वळणं समजावतो, आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तुमची गाडी धूळ उडवत निघालेली असते. मग डोणगावच्या मोटार स्टँडासमोर, कादर सायकलवाल्याच्या टपरीवर चुन्यानं लिहिलेलं "रस्ता सांगणे २५ पैसे" वाचून तुमच्या पोटात दुखायचं कारण काय?

परवा मलकापूरकडचा एक मास्तर तिथं भांडला. टेरिलीनचा शर्ट, खिशाला दोन पेनं. म्हणाला, "रस्ता सांगायचे पैसे? लाज नाही वाटत का तुला?"

कादर पंक्चरची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबत होता. वर न पाहता म्हणाला, "वाटते ना मास्तर. म्हणूनच चार आणे सांगतले. लाज नसती तं रुपया घेतला असता."

मास्तरानं चवली-पावली काही काढली नाही. समोरच्या हाटेलात जाऊन फुकट रस्ता विचारला आणि जाताना कादरच्या टपरीकडं बघून थुंकला. हाटेलातल्या बाकड्यावरचे चार रिकामटेकडे हसले. त्यांना हसताना पाहून डोक्यात तिडीक जाते, कारण या माणसाचं वाटोळं कशानं झालं ते त्या चौघांना पक्कं ठाऊक आहे. त्या वाटोळ्यात त्यांचाही हात आहे.

कादर असा नव्हता.

त्याचा बाप फकीर मोहम्मद डोणगाव ते मेहकर टांगा हाकायचा. त्याचा हिशेब सरळ होता. टांग्यात बसला त्याचे पैसे, पायी चालला त्याला रस्ता फुकट. पाणी, चुलीचा विस्तव आणि रस्ता या तीन गोष्टींचे पैसे आपल्या घरात घ्यायचे नाहीत, असं त्यानं पोराला सांगून ठेवलेलं. एसटी आली, टांगा गेला, घोडं मेलं. कादरनं सायकली धरल्या. मग स्टोव्ह, मग विहिरीवरची इंजिनं, मग फटफट्या. आसपासच्या वीस गावांत तेव्हा फटफट्या मोजून सात होत्या आणि सातही कादरच्या हाताखालून गेलेल्या. शाळा तिसरीपर्यंत. पण इंजिनाला कान लावायचा आणि सांगायचा, "याच्या घशात कचरा आहे." नेमका तिथंच कचरा निघायचा. त्याचा त्याला माज होता. कामाचा दाम आधी सांगायचा, आणि घासाघीस करणाऱ्याची सायकल तशीच उघडीनागडी रस्त्यावर ठेवून द्यायचा.

सत्तर सालचा जानेवारी. तुरी निघायचे दिवस. नागपूरकडून एक गोरा काळी फटफटी ढकलत स्टँडावर आला. तांबडी दाढी, घामानं निथळलेला, क्लचची तार तुटलेली. नाव वॉल्टर, मुलूख जर्मनी. त्या फटफटीवर बसून तो किती देश ओलांडून आला होता आणि त्याला लोणारचं सरोवर पाहायचं होतं. हे सगळं कळलं पंजाबरावामुळं. पंजाबराव म्हणजे समोरच्या हाटेलाचा मालक, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, गावातला इंग्रजीचा ठेकेदार. त्यानं गोऱ्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात मोडकंतोडकं इंग्रजी झाडलं.

तशी तार डोणगावात काय, बुलढाण्यातही मिळाली नसती. कादरनं सायकलच्या ब्रेकच्या दोन तारा एकत्र पिळल्या, टोकाला शिशाचा मणी ओतला, कानसीनं घासून बसवला आणि दांड्याजवळ तार घासू नये म्हणून जुन्या ट्यूबची लाल पट्टी गुंडाळली. दीड तास गेला. गोरा शेजारी उकिडवा बसून सगळं बघत होता. फटफटी चालू झाली तेव्हा त्यानं कादरला मिठीच मारली.

"कामाचे किती झाले, त्याले सांगा पंजाबराव. साडेतीन रुपये."

"पाच सांगतो बे कादर! गोरा आहे, त्याले काय फरक पडते!"

"काम साडेतीनाचं आहे."

साडेतीन घेतले, मोजून. मग निघाली लोणारच्या वाटेची गोष्ट. मेहकरच्या सडकेनं चार मैल गेलं की डाव्या हाताला कच्ची वाट फुटते, आणि पुढं तिला एवढे फाटे की गावचा माणूसही चुकतो. कादर म्हणाला, "मी येतो मागं बसून. लोणारहून एसटीनं परत येईन."

खरं सांगायचं तर त्याला ती फटफटी रस्त्यावर कशी बोलते ते ऐकायचं होतं. वॉल्टरनं दहाची नोट पुढं केली. कादरनं नोट त्याच्या हातातून घेतली, चार घड्या घातल्या आणि वॉल्टरच्याच खिशात घालून वरून थोपटली. स्टँडावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज कादरला गोड लागला. कोणाला लागणार नाही?

दोन मैलांवर सडकेवर तूर पसरली होती.

हे शहरवाल्यांना सांगायला हवं. आपल्याकडं डांबरी सडक झाली तसं लोकांना नवं खळं सापडलं. तुरीच्या पेंढ्या सडकेवर टाकायच्या, वरून एसटी-ट्रक जातात, शेंगा फुटतात, दाणे खाली पडतात, मग काड्या उचलून दाणे झाडून न्यायचे. बैल नको, मजूर नको. ट्रकला त्याचं काही नाही. पण दोन चाकांच्या गाडीखाली तुरीच्या काड्या आणि सुटे दाणे म्हणजे संगमरवरावर सांडलेलं तेल. वॉल्टरला काय माहीत! त्याला वाटलं असेल, वाळलेला पाला आहे. कादर मागून ओरडला, "धीरे! धीरे!" तोवर वॉल्टरनं ब्रेक दाबला होता, आणि दाबायचा नसतो तो तिथंच.

फटफटी उजव्या अंगावर पडली आणि घसरत गेली. दोघांची उजवी नडगी मोडली. एकाच गाडीखाली, एकाच क्षणी, बोटभर खाली-वर.

तूर कोणाची होती? पंजाबरावाची. सडकेला लागून त्याचंच वावर. कापसाच्या बैलगाडीत घालून दोघांना गावात आणेपर्यंत पंजाबरावाच्या माणसांनी सडक इतकी लख्ख झाडली होती की तिथं जेवायला बसावं. पोलिसानं कादरला विचारलं, "कशावरून घसरली?" कादर दात आवळून म्हणाला, "गिट्टी होती." गावची गोष्ट गावात. पंजाबराव उशाशीच उभा होता. त्यानं कादरच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

मेहकरच्या एका खाजगी डॉक्टरकडं दोघं शेजारशेजारच्या खाटांवर. वॉल्टर ओरडायचा, कादर ओठ चावायचा. वॉल्टरच्या गळ्यात कातड्याची एक पिशवी होती. तिच्यात कागद होता. परमुलखात हातपाय मोडला तर दवाखान्याचा, औषधाचा, घरी परत नेण्याचा सगळा खर्च त्याच्या देशातली विमा कंपनी करणार, असा तो कागद. डॉक्टरनं मुंबईला ट्रंककॉल लावला. तिसऱ्या दिवशी मुंबईहून मोठी पांढरी मोटार आली. सोबत डॉक्टर, नर्स, आणि पाय ठेवायला रबरी उशी.

वॉल्टर मोटारीत जाईना. कादरकडं बोट दाखवून रडायला लागला. मुंबईच्या डॉक्टरला वाईट वाटलं असेल, नाही असं नाही. त्यानं खाली वाकून मराठीत सांगितलं, "मिस्त्री, कागदावर नाव एकच आहे हो."

जाताना वॉल्टरनं खिसा रिकामा करून कादरच्या उशाखाली ठेवला. ते पैसे त्याच डॉक्टरच्या बिलात गेले. वॉल्टर विमानात झोपून आपल्या देशाला पोचला, त्याची फटफटी मागून जहाजानं गेली. कादर एसटीच्या मागच्या आडव्या सीटवर झोपून डोणगावला आला, आणि दर खड्ड्याला बायको जमीला प्लॅस्टरखाली हात धरत होती.

दोन महिन्यांनी प्लॅस्टर कापलं. पाय दोन बोटं आखूड, बाहेरच्या अंगाला वाकलेला, आणि नडगीवर एक छिद्र, ज्यातून पू यायचा. नागपूरच्या सर्जननं फोटो काढला नि सांगितलं, हाड पुन्हा मोडून आत सळई घालावी लागेल, सहा महिन्यांच्या आत. नाहीतर जन्मभर हेच. खर्च पंधराशे. सायकलवाल्याचं सगळं काम उकिडवं बसून. फटफटीला किक मारायची ती उजव्याच पायानं. पाय म्हणजे त्याचा अर्धा धंदा, साहेब.

मेहकरचे इंद्रभानजी वकील नवे होते, पोट अजून सुटलेलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "वॉल्टरवर डिक्री आणून उपयोग नाही, ती घेऊन जर्मनीला कोण जाणार? पण हिंदुस्थानात शिरताना त्यानं हद्दीवर गाडीचा इथल्या कंपनीचा विमा काढलाय. कायद्यानं काढावाच लागतो. तिच्याकडून पैसे निघू शकतात. फक्त एक गोष्ट सांग. तू मागं बसलास तो कसा?"

"कसा म्हंजे? टांग टाकून."

"तसं नाही रे बाबा. मजुरीनं गेलास की फुकट?"

कादरची मान ताठ झाली. "फुकट. रस्त्याचे पैसे घेत नाई मी. सगळ्या गावाले माहीत आहे."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "मग झालं. फुकट मागं बसणारा या विम्यात येत नाही. त्यानं तुला वाटाड्या म्हणून मजुरी देऊन नेलं असेल, तर तू त्याचा कामावरचा माणूस. मग कंपनीला विचार करावा लागेल. दहाची नोट घेतलीस असं सांगावं लागेल."

"झूट?"

"एक वाक्य."

कादर उठला आणि काठी टेकत एसटी स्टँडावर आला. वकिलाला मनातल्या मनात शिव्या घालत.

घरी जमीला बाज विणत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. बाजेची सुतळी दातात धरून गाठ आवळली आणि मग बोलली. "अजी, ईमान कू पलस्तर चढता क्या? चढत असंल तं चढवा, अन् चाला त्याच्यावर. टाळ्या वाजवणारे कुठं गेले तुमचे? एक तरी आला का भाकर घेऊन?"

"पंजाबराव येते."

"चहा पाजाले येते. अन् तुरीचं नाव कोणापाशी काढू नको म्हणाले येते."

आठ दिवस गेले. छिद्रातला पू जमीला रोज कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायची. नवव्या दिवशी तो इंद्रभानजींकडं गेला आणि म्हणाला, "लिहा. घेतले धा रुपये."

इथपर्यंत त्याची बाजू धरायला जागा होती. पण कादर मेहकरच्या दवाखान्यात खाटेवर होता त्याच आठवड्यात इथल्या विमा कंपनीचा माणूस अपघाताची चौकशी करायला डोणगावात येऊन गेला होता, आणि हे ना वकिलाला माहीत होतं, ना कादरला. तो माणूस गोड बोलणारा होता. कोणाला दरडावलं नाही, काही नाही. पंजाबरावाच्या हाटेलात बसला, चहा-भजी मागवली आणि म्हणाला, "तुमच्या गावचा कादर मिस्त्री म्हणे फार इमानदार माणूस आहे?"

एवढंच विचारलं. गाव फुटलं तुंबलेल्या पाटासारखं. बाकड्यावरचे चौघे एकमेकांचं तोंड दाबून बोलायला लागले. एक म्हणाला, "साहेब, धाची नोट! धाची!" दुसऱ्यानं घडी कशी घातली ते करून दाखवलं. तिसरा म्हणाला, "आमच्या डोणगावचं पाणीच तसं आहे." आणि पंजाबराव? अपघात कशानं झाला, सडकेवर काय होतं, हा प्रश्न निघायच्या आत त्यानं कादरची थोरवी अशी लावून धरली की विम्याच्या माणसाला वहीचं पान पुरेना. शेवटी तो म्हणाला, "एवढं छान सांगितलंत, सही करा की." पंजाबरावानं इंग्रजीत सही केली. खाली रेघ ओढली.

बुलढाण्याच्या कोर्टात कादर उभा राहिला तेव्हा त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता. खुदाची शपथ घेतली. इंद्रभानजींनी विचारलं, त्यानं सांगितलं, "हाव साहेब. धा रुपये घेतले. रस्ता दाखवाले मजुरीनं गेलो." आयुष्यात कोणापुढं केलं नाही ते केलं, आणि हे बोलताना त्याची नजर स्वतःच्या पायावर होती.

कंपनीचा वकील उठला. आवाज न चढवता त्यानं दोन कागद काढले. पहिला पंजाबरावाचा जबाब. दुसरं वॉल्टरचं पत्र, जर्मनीहून आलेलं. कंपनीनं विचारलं म्हणून त्यानं लिहिलं होतं, आणि भल्या मनानं लिहिलं होतं. त्याला वाटलं असणार, चांगुलपणा सांगितला की कादरला जास्त मिळेल. वकिलानं मराठीत वाचून दाखवलं. "मी त्याला दहा रुपये देऊ केले. त्यानं ते माझ्याच खिशात परत ठेवले. तो माझा नोकर नव्हता, मित्र होता. इतक्या देशांत हिंडलो, इतका मोठ्या मनाचा माणूस मला भेटला नाही. कृपा करून त्याला मदत करा."

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि सौम्य आवाजात विचारलं, "मिस्त्री, यातलं खरं कोणतं?"

इंद्रभानजी डोळ्यांनी खुणावत होते. कादरनं पाहिलं. मागच्या बाकावर जमीला बसली होती, तिनं पदर तोंडात धरला होता, तेही पाहिलं. घडी घातलेली नोट, थोपटलेला खिसा, टाळ्या, सगळं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आलं होतं आणि आता त्याला ते नाकारायचं होतं. आपल्याच अंगावरची आपली चामडी आपली नाही म्हणायचं होतं.

"चिठ्ठीत आहे ते खरं," कादर म्हणाला. "मी झूट बोललो."

दावा फेटाळला गेला. न्यायाधीशांनी शपथेवर खोटं बोलल्याबद्दल ताकीद देऊन सोडलं, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायचे. कायद्याप्रमाणं सगळं बरोबर झालं. गोरा खरं बोलला, गाव खरं बोललं, कंपनी नियमानं वागली. खोटारडा ठरला तो एकटा कादर.

संध्याकाळच्या एसटीनं दोघं डोणगावात उतरले तेव्हा पंजाबराव हाटेलाच्या पायरीवर उभा होता. बातमी आधीच पोचली होती. तो पुढं आला. "कादर, म्या तुह्यं चांगलंच सांगतलं बे. कसम घे. मले काय माहीत, कायदा असा उलटा राह्यते?"

"हाव पंजाबराव. माह्यं चांगलं तुमी सांगतलं." कादर काठीवर वजन टाकून उभा राहिला. "सडकेवरच्या तुरीचं कोणी सांगावं?"

पंजाबराव बाकड्यावरच्या चौघांकडं बघायला लागला. चौघे चहाच्या कपात बघायला लागले. जमीला तेवढी मोठ्यानं म्हणाली, "चला जी. इनके पानी में सच बहुत है, चाय में शक्कर कम पड़ती होगी."

सर्जननं दिलेले सहा महिने उलटले. सळई पडली नाही. छिद्र भरलं, पाय तसाच राहिला. आता कादर उकिडवा बसू शकत नाही. तेलाच्या डब्यावर बसून, पाय लांब करून काम करतो. फटफट्या मेहकरला जातात. त्याच्याकडं उरल्या सायकली.

वर्षानं वॉल्टरचं पाकीट आलं. त्यात एक फोटो. बर्फात, दोन्ही पायांवर सरळ उभा, शेजारी तीच काळी फटफटी. जमीलानं फोटो चुलीत घालायला घेतला. कादरनं तिच्या हातातून काढून घेतला, उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिला. गोऱ्याकडं नाही. दांड्याजवळ लाल पट्टी दिसत होती.

"तार बदलली नाई त्यानं," तो म्हणाला. "माहीच आहे अजून."

दुसऱ्या दिवशी त्यानं चुना कालवला आणि टपरीवर लिहिलं, "रस्ता सांगणे २५ पैसे". गावात बोंब झाली. पंजाबराव म्हणाला, डोणगावची अब्रू घालवली. पंचायतीचा माणूस येऊन पुसून गेला. कादरनं पुन्हा लिहिलं. दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा पुसणारा दमला. चार आणे दिले की कादर नीट रस्ता सांगतो, फाटे मोजून सांगतो, आणि लोक नाही म्हणाले तरी पोरांच्या वहीचं पान फाडून पावती देतो. "रस्ता सांगण्याची मजुरी मिळाली. कादर फकीर मोहम्मद." खाली तारीख. पुढं तुमचं-माझं काही झालं तर कोर्टात दाखवायला कागद असावा म्हणून, असं तो हसत सांगतो. हसताना त्याचे डोळे हसत नाहीत.

तुम्ही त्या बाजूनं गेलात तर एवढं करा. रस्ता ठाऊक असला तरी कादरला विचारा. चार आणे आधी त्याच्या हातावर ठेवा. चुकून कधी त्याचा जुना स्वभाव उसळला आणि "राहू द्या" म्हणाला, तर ऐकू नका. आणि तो देईल ती पावती सडकेवर फेकू नका, खिशात ठेवा.